मोटारीच्या दारांचं सोवळं

पुण्याहून भल्या पहाटे हुबळीची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मोटारीच्या दाराचा एक तुकडा होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. शेजारच्या गृहस्थांनी साताऱ्यापर्यंत कसाबसा दम धरला आणि मग विचारलंच.

"कूलरची जाळी का?"

"नाही. मोटारीच्या दाराला आतून प्लास्टिक असतं ना, हात टेकायला, बाटली ठेवायला? ते मी डिझाइन करतो."

"ते पण कुणी डिझाइन करतं?" असं म्हणून ते झोपले.

या प्रश्नात माझा उभा जन्म गेला आहे. लग्नकार्यात बायको माझी ओळख "हे गाड्या बनवतात" अशी करून देते. समोरचा लगेच ॲव्हरेज विचारतो. मी हात टेकायच्या जागेच्या गोलाईबद्दल बोलू लागलो की त्याला जेवणाच्या रांगेत कुणीतरी ओळखीचं दिसतं. आता याची सवय झाली आहे. पण या खेपेला मी खरोखर चिडून निघालो होतो.

झालं होतं असं. आमच्या एका गाडीच्या दारांमधून उत्तर कर्नाटकात किरकिर ऐकू येते, अशा तक्रारी येत होत्या. दाराच्या आतल्या पॅडमध्ये, कोपर टेकतं तिथे, एक वेगळी पट्टी बसवलेली असते. ती पट्टी आणि पॅड यांच्या फटीतून आवाज येतो, असं शोरूमवाल्यांचं म्हणणं. साहेबांनी मला सरळ सांगितलं, "सुधीर, हुबळीला जा आणि परवा दुपारपर्यंत कारण कळव. नाहीतर ती पट्टी उडवू. पॅड एकसंध करू, साधं, गुळगुळीत."

ती पट्टी म्हणजे माझा जीव. तिच्यावरची नक्षी मी माझ्या सासूबाईंच्या खणावरून घेतली होती. बायकोच्या कपाटात त्यांचा एक जांभळा खण आहे, बारीक विणीचा. त्याची वीण पोलादी साच्यावर उतरवायची, तीही अशी की प्लास्टिक साच्यातून सुटताना नक्षी खरवडली जाऊ नये. त्यासाठी बाजूच्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. उतार जास्त झाला तर पट्टी बेढब दिसते, कमी झाला तर नक्षीचा भुगा होतो. या उतारापायी मी घरात इतका बोललो की मुलीने मला जेवणाच्या ताटावर तो शब्द उच्चारायची बंदी घातली. आणि आता म्हणे गुळगुळीत!

बेळगाव, कित्तूर मागे पडलं. धारवाडपर्यंत तांबडी असलेली माती हुबळीकडे वळताना काळी होऊ लागते. शेतांत ज्वारी डोलत होती. एरवी मी कौतुकाने पाहिलं असतं. त्या दिवशी मला ज्वारीचाही राग आला.

रायापूरला उतरून रिक्षाने कारखाना गाठला. प्लास्टिकचे भाग ओतणारी ती मोठी शेड. तिथले मॅनेजर हिरेमठ दारातच उभे होते. "बर्री सर, कुंद्री" (या, बसा), म्हणून त्यांनी समोर गिरमिट (चुरमुऱ्यांचा ओलसर, चिंचगुळाचा प्रकार) आणि मिरचीभजी ठेवली. बेळगावात शिकल्यामुळे त्यांचं मराठी चोख, आणि दुर्दैवाने स्पष्टही.

"तुमचं डिझाइन नाजूक आहे सर. पुण्याच्या रस्त्यावर चालत असेल."

"पुण्याचे रस्ते तुम्ही पाहिलेले दिसत नाहीत."

"ते असू द्या. आम्ही तुमचं पॅड हादरवायच्या यंत्रावर लावलं. हूं नाही की चूं नाही."

"मग? वाजतच नाही तर माझी चूक कशी?"

"इथे वाजत नाही, गिऱ्हाइकाकडे वाजतंय. म्हणजे तुमची फट उन्हात सैल होते."

"तुम्ही उन्हात ठेवून पाहिलंत?"

"पाहिलं की."

"वाजलं?"

"नाही. पण गिऱ्हाइकाकडे वाजतंय ना!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिरेमठांना वाटलं मी खचलो. खरं तर मी भज्यातली मिरची अख्खी चावली होती.

संध्याकाळी माझे साडू मला न्यायला आले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. धारवाडात वकिली करतात, राहतात उणकलच्या नव्या वसाहतीत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. गाडी थांबवून ते उतरले आणि हात पसरून म्हणाले, "बघा सुधीरराव, मुद्दाम तुमचीच घेतली!"

खरंच आमचीच गाडी होती. मला भरून आलं. मी दार उघडलं आणि आतल्या आत ओरडलो.

दाराच्या अख्ख्या पॅडवर प्लास्टिकचा कागद होता. नव्या गाडीला ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून चिकटवून येतो, तोच. पिवळट पडलेला, फुगे आलेला, कडांना चिरफाळलेला. त्यावर गणपतीचं स्टिकरसुद्धा लावलेलं होतं.

"अण्णा, हे काय?"

"काय?"

"हा कागद!"

"कोणता कागद?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना तो खरोखरच दिसत नव्हता. आपल्या भिंतीचा रंग आपल्याला दिसत नाही, तसा.

गाडी निघाली. पहिल्याच खड्ड्याला किर्र झालं. मग किच, किच, किर्र. मी पट्टीला कान लावून बसलो.

"हा आवाज पहिल्यापासूनच आहे," अण्णा म्हणाले. "शोरूममध्ये विचारलं. म्हणाले, डिझाइनच तसं आहे."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. साडू असल्यामुळे त्यांनी मनावर घेतलं नाही.

घरी अक्कांनी ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई (भरल्या वांग्याची भाजी) वाढली. पहिल्या घासापासून मी भांडायला सुरुवात केली.

"गाडी हातात देतानाच तो काढायचा असतो!"

"शोरूमवाले काढायला निघाले होते की. मीच अडवलं," अण्णा म्हणाले. "नव्या गाडीला नखं लावू देतं का कुणी?"

"मग कधी काढणार?"

"विकताना. घेणाऱ्याला कोरी दिसली पाहिजे."

"म्हणजे गाडी तुम्ही घेतली आणि नवी ती पुढच्याने बघायची?"

अण्णांनी क्षणभर विचार केला. "मुद्दा मान्य. हरकत कायम."

"अण्णा, आम्ही त्या पट्टीवर कागद आधी चिकटवतो आणि मग ती पॅडमध्ये बसवतो. म्हणजे कागदाची कड फटीत अडकलेली असते. तो ओढला की कडही बाहेर येते. नाही ओढला तर ती तिथेच घासत राहते. तोच हा आवाज! कारखान्यात बिनकागदाची पॅड हादरवतात, म्हणून तिथे वाजत नाही. तुमच्या या सोवळ्यापायी माझी पट्टी उद्या दुपारी जाणार आहे!"

"पुरावा?" अण्णांनी भाकरी मोडत विचारलं.

"एक दार सोलू द्या."

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

अक्कांनी हात धुतले, पदराला पुसले. "मागचं डावं दार माझं. मी तिथेच बसते. त्याला कुणाची हरकत नको."

"अगं, पण..."

"तुमची हरकत कोर्टात ठेवा."

आम्ही तिघं अंगणात गेलो. अक्कांनी कोपऱ्यात नख घातलं आणि कागद ओढला. निम्मा सहज आला. पट्टीपाशी अडला. त्यांनी जोर केला तशी फटीतून एक लांब चिंधी सुळकन बाहेर आली, घासून घासून पांढरी पडलेली. मी ती झेंड्यासारखी अण्णांपुढे नाचवली. वयाला शोभलं नाही, पण नाचवली.

अक्कांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा हात पट्टीवर फिरत होता. एकदा पुढे, एकदा मागे. मग बोटं थांबली.

"सुधीरराव, हा आईचा खण आहे?"

मी होय म्हटलं.

"तो जांभळा?"

"तोच."

अण्णा खाकरले. अक्का मागच्या सीटवर जाऊन बसल्या, कोपर पट्टीवर टेकून. "चला की," त्या म्हणाल्या, "तळ्यापर्यंत एक फेरी मारू."

उणकलच्या तळ्याभोवती आम्ही रस्त्यातला एक खड्डा सोडला नाही. तीन दारं किरकिरली. अक्कांचं दार गप्प होतं. तळ्याच्या कडेला लोक कणीस भाजून घेत होते आणि मी प्रत्येक दाराला कान लावत होतो. परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "हरकत मागे घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी मी हिरेमठांच्या शेडसमोर उभी करवली. त्यांना घेऊन फेरी मारली, उरलेली तिन्ही दारं त्यांच्या हातानं सोलवली, पुन्हा फेरी मारली. कुठेच आवाज नाही. हिरेमठांनी हातातल्या चिंध्या उलटसुलट करून पाहिल्या.

"माझी पण हीच गाडी, आणि कागद तसाच आहे, सर," ते म्हणाले.

"आणि वाजते?"

"हौदरी" (हो ना).

या माणसाने आदल्या दिवशी मला नाजूक म्हटलं होतं! मी मिरचीभजी मागवली आणि त्यांना आग्रहाने वाढली.

दुपारच्या आत साहेबांना फोन केला. पट्टी राहिली. यापुढे कागदाची कड फटीत जाणार नाही अशा बेताने कापायची, असं ठरलं. लोक कागद काढतील, या भरवशावर काही आखायचं नाही, असंही साहेब म्हणाले. अपमान होता, पण गिळला.

पेढे घेऊन परतीच्या बसमध्ये बसलो. शेजारी पुन्हा एक गृहस्थ होते. त्यांनी विचारायच्या आत मी सांगितलं, "दाराचं प्लास्टिक. हो, डिझाइन करतात." निपाणीच्या आसपास फोन वाजला. अक्कांनी फोटो पाठवला होता.

गाडीची चारही दारं उघडी. प्रत्येक पट्टीवर शिवलेलं कव्हर, कडेला टीप घातलेली, नाडीने बांधलेलं. जांभळ्या खणाचं. खाली लिहिलं होतं: "आईचा खण उघडा राहिला तर मळेल. बाजारातून तसाच खण आणून आज कव्हरं शिवली. आवाज अजिबात नाही."

मी तो फोटो बायकोला पाठवला. तिने विचारलं, यात तुमचं काय दिसतंय?

काहीच दिसत नव्हतं. मोठा करून पाहिलं तेव्हा एका कव्हराच्या कडेशी, शिवण जरा आखूड पडली होती तिथे, करड्या प्लास्टिकची बोटभर जागा उघडी होती. नक्षी स्वच्छ उतरली होती. उतार अगदी बरोबर होता.