कापसाच्या खोलीतलं ग्रहण

संक्रांतीआधी मी मूर्तिजापूरच्या शाळेत सातवीच्या मुलांकडून ग्रहण बघायचे पुठ्ठे करून घेतले होते. जुन्या लग्नपत्रिका, मधोमध सुईनं पाडलेलं भोक, खाली धरायला पांढरा कागद. भोकातून वर बघायचं नाही, सूर्याकडे पाठ करून कागदावर पडलेला सूर्य बघायचा, हे मी इतकं बजावलं की मुलं माझी नक्कल करू लागली. ग्रहणात बायकांनी घरात कोंडून घ्यायचं कारण नाही, हेही सांगितलं. मला तेव्हा सातवा महिना होता. मुली माझ्या पोटाकडे बघून हसल्या.

ग्रहण नेमकं करीच्या दिवशी आलं. मी शाळेसाठी साडीला पिन लावत होते, तर सासूबाई दारात उभ्या.

"आज शायेत नको जाऊ."

"आई, ग्रहणानं काही होत नाही. मागच्या वेळी कुठं ग्रहण होतं?"

मागच्या वेळी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. घरात कुणी तो विषय काढत नसे. मीच काढून बसले.

"त्याच्यानंच तं भेव लागते," त्या म्हणाल्या. "तवा काहीच नव्हतं, तरी गेलं. काहून गेलं, डॉक्टरलेबी नाही समजलं. मंग मी कशाले भ्यावं अन् कशाले नाही, तूच सांग."

मी फोन उचलला. पाय सुजलेत असं शाळेत खोटंच कळवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. राग फार आला होता. त्यांचा आला होता की स्वतःचा, ते आजही ठरवता येत नाही.

त्या वर्षी भाव चढेल या आशेनं गावात घरोघरी कापूस भरून ठेवला होता. आमच्या मागच्या खोलीतही कमरेएवढा ढीग होता. तिला खिडकी नव्हती, म्हणून मला तिथंच निजवलं. चिरायचं नाही, टोचायचं नाही, हलायचं नाही, नाहीतर म्हणे बाळाच्या ओठाला, कानाला खोट येते. साडीची पिनसुद्धा काढून घेतली. कापसात अंगाला खाज सुटते आणि ग्रहणात गरोदर बाईनं खाजवायचंही नसतं. शाळेत मुलं मजेत उन्हात उभी असतील, या विचारानं आणखीच खाज सुटली.

छताच्या टिनाला खिळ्यांची जुनी भोकं होती. सासूबाईंनी स्टुलावर चढून त्यांत कापूस कोंबला. एका भोकापर्यंत मात्र हात पोचला नाही.

दीडच्या सुमाराला त्या भोकातला कवडसा सरकत माझ्या पोटावर आला. चावा घेतलेल्या भाकरीसारखा. मला इतका आनंद झाला! पुठ्ठा नाही, कागद नाही, आख्खी खोलीच ग्रहण दाखवत होती.

"आई, बघा, हाच तो ग्रहणातला सूर्य."

बोलले आणि चूक कळली. त्यांना तोवर तो नुसता कवडसा वाटत होता.

"थांबा, मी जरा सरकते," मी म्हटलं.

"हालू नको."

त्या खाली बसल्या आणि त्यांनी उजव्या हाताचा पंजा माझ्या पोटावर ठेवला. बोंडं वेचून चिरलेल्या त्या हातावर आता ती कोर पडली. ती सरकली की हातही सरके. पोटात बाळ लाथा मारत होतं, ते त्यांच्या तळव्याला कळलं असणार.

"आई, तुमाले काही झालं तं?" मी विचारलं. होय, मीच विचारलं, सातवीला विज्ञान शिकवणारीनं.

"मले आता काय होते," त्या म्हणाल्या.

कोर पोटावरून उतरून कापसावर गेल्यावरच त्यांनी हात उचलला. तोवर त्यांना अडवावं की त्यांचे पाय धरावेत हे मला उमजेना, म्हणून मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, "मॅडम, तुमी कुठून पाह्यलं?"

"घरून," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

होळीनंतर अमरावतीला, माझ्या माहेरी, मुलगी झाली. नर्सनं तिला माझ्या कुशीत दिलं, तेव्हा मी आधी तिचे ओठ पाहिले, मग कान, मग एकेक बोट. सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळी सासूबाई नातीला बघायला आल्या आणि तिला घ्यायला त्यांनी हात पुढं केले. मी मुलगी त्यांच्याकडे दिली, पण त्याआधी त्यांचा उजवा हात हातात घेऊन उजेडात नीट उलटसुलट करून पाहिला.