बिरोबाच्या वाटेवरची शर्यत

कवठे येमाईच्या कुशाबाईनं मेंढरं विकून आठ वर्षं झाली होती, तोरा मात्र विकला नव्हता. २००४च्या जानेवारीत तिनं वस्तीवर सांगून टाकलं की मंगळवारी सकाळी बिरोबाच्या देवळापर्यंत पळायची शर्यत आहे. बायाबापड्या, पोरंसोरं, दमेकरी, सगळ्यांनी यायचं. पहिल्याला बक्षीस नाही, त्याला घाईच असते, नारळ शेवटच्याला. नंतर सगळ्यांना गरमागरम हुरडा. मागं कुत्रं लागल्याशिवाय कोण पळतं, असं तिच्या सुनेनंच विचारलं.

कुशाबाईच्या पोटात वेगळंच होतं. पुण्याच्या एका साहेबांनी देवळाअलीकडची जमीन घेऊन, देवळावरून पुढं शाळेला जाणाऱ्या वाटेवर काटेरी तार ठोकली होती. वस्तीतली पोरं शाळेला चार किलोमीटर वळसा घालून जायची. कुशाबाईनं तहसिलीत अर्ज केला, आणि त्याच मंगळवारी सर्कलसाहेब पाहणीला येणार होते. लोकांची वहिवाट दिसली तर वाट मोकळी, नाहीतर कायमची बंद. पण जबाब द्यायला एक माणूस तयार होईल तर शपथ. निम्मी वस्ती त्या पुण्याच्या साहेबांकडेच रोजानं जायची, आणि तारेवर राखणीला कुशाबाईचा सख्खा पुतण्या म्हाळू होता. साक्षीला बोलावलं असतं तर चिटपाखरू फिरकलं नसतं. हुरड्याला कोण नाही म्हणतं?

मंगळवारी थंडी अशी की दातावर दात वाजत होते. तरी कानटोप्या, मफलरी घालून पन्नासेक माणसं जमली आणि हसत-खिदळत, धापा टाकत पळत सुटली. तारेपाशी आली आणि सगळी थबकली. म्हाळू काठी घेऊन उभा.

"काकी, माझी नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला.

कुशाबाईला त्याची कीव आली आणि रागही आला. अडलेल्या मेंढरांना मागून रेटून काही होत नाही, पुढचं एक गेलं पाहिजे, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं अंगावरची घोंगडी तारेवर टाकली, लुगडं खोचलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पाय पलीकडं टाकला. पोटरी खरचटली. मग एक बाई आली, मग दोघी, मग सगळी जत्राच. म्हाळूची काठी हातातच राहिली.

नऊला सर्कलसाहेब आले, तेव्हा तारेवर घोंगडी तशीच होती, वाटेवर पावलं उमटली होती आणि मंडळी देवळापाशी हुरडा खात होती. साहेब माणूस बरा होता, पण कागदाचा पक्का. आज पळालात ते ठीक, एरवी इथून कोण जातं, असं त्यांनी विचारलं.

"सायब, तार ठोकस्तवर रोज डोस्क्यावर वझं घिऊन चाललो, तवा कुणाला दिसलो न्हाई," कुशाबाई म्हणाली. "आज रिकाम्या हातानं पळालो, म्हणून दिसलो."

साहेबांनी कागद काढला आणि पहिला जबाब कुणाचा लिहू म्हणाले. सगळ्यांच्या माना हुरड्यात. तार ओलांडणं सोपं, नाव देणं अवघड, हे कुशाबाईच्या आत्ता ध्यानात आलं. तेवढ्यात मागून म्हाळू आला.

"माझा लिवा. सातवीपातूर ह्याच वाटंनं शाळंत गेलो मी."

"तू तर इथला राखणदार ना?"

"सकाळपातूर व्हतो," म्हाळू म्हणाला, आणि सहीला त्यानं पेन मागितलं. त्याच्यामागं रांग लागली.