पायाळू मुलीचा देव

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पिशोरला, जिथे माझे बालपण गेले, तिथे ही गोष्ट गावात कुणी विसरत नसे. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस कमरेवर हात ठेवून आमच्या ओट्याशी येई, पालथा पडे, आणि मी त्याच्या कमरेला पाय लावत असे. पायाळूच्या पायाने उसण उतरते, असा समज. माझ्या इवल्या तळव्याखाली मोठ्या माणसांच्या पाठी असत. उन्हाने तापलेल्या, घामाने चिकट, बंडीला काळ्या मातीचा वास येणाऱ्या. उठताना ती माणसे माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवीत, आणि आपण कुणीतरी मोठे आहोत असे मला वाटे.

आभाळ भरून आले की तीच माणसे माझ्यापासून दूर सरकत. पायाळू माणसावर वीज पडते, हा समजही तितकाच पक्का होता. शाळेच्या पडवीत मी उभी असले की बाकीच्या मुली भिंतीच्या दुसऱ्या टोकाला एकमेकींना बिलगून उभ्या राहत. कुणी रागावत नसे, हाकलत नसे. फक्त सरकत. शहाबादी फरशीवर ओल्या चपलांची ती हलकी खरखर मला आजही मेघगर्जनेपेक्षा स्पष्ट ऐकू येते. गडगडू लागले की इतर मुलांना सांगत, आभाळात म्हातारी हरभरे भरडते आहे. मला कुणी म्हातारीची गोष्ट सांगितली नाही. मला घाईघाईने घरी पोचवत.

घरी आई असे. ती मला धान्याच्या कणगीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेई, खाली घोंगडी अंथरी, मला मांडीत घेई आणि माझ्या दोन्ही कानांवर तळवे दाबून धरी. तिच्या हातांना लसणाचा आणि ओल्या राखेचा वास असे. त्या वासाच्या आत मी आभाळ थांबण्याची वाट पाहत असे.

कॉलेजसाठी मी शहरात आले. कवितेच्या अभ्यासाबरोबर दैवतकथा वाचण्याचे वेड लागले ते तिथेच. वज्र धरणारा आपला इंद्र मला कधी जवळचा वाटला नाही. तो राजा, त्याला सिंहासन सांभाळायचे. आणि मग एका पावसाळी दुपारी वाचनालयात, पंख्याच्या संथ घरघरीखाली, उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतला मेघगर्जनेचा देव भेटला. थॉर. तांबड्या दाढीचा, भुकेला, चटकन तापणारा आणि तितक्याच चटकन हसणारा. त्याचा रथ दोन बोकड ओढत, आणि त्या चाकांची घरघर म्हणजेच गडगडाट. त्याच्या हातातला घण, म्हणजेच त्याची वीज, आखूड दांड्याचा होता, कारण घडवतानाच थोडे बिघडले होते. देवाच्या हत्यारात खोट असावी आणि ती कुणी लपवू नये, याचे मला फार अप्रूप वाटले.

त्याहून मोठे नवल दुसरे होते. त्या देशातले शेतकरी मेघगर्जना ऐकून म्हणत, आपला माणूस बाहेर राखणीला उभा आहे. बर्फाचे, थंडीचे, उपासमारीचे राक्षस दूर ठेवायला तो घण फेकतो आहे. लोक त्या घणाची छोटी प्रतिकृती गळ्यात घालत. आपल्या लेकरांची नावे त्याच्या नावावरून ठेवत, मुलींचीसुद्धा, आणि त्यातली काही नावे तिकडे आजही चालतात. पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीशी बसले होते. बाहेर चमकत होते. एखाद्या आईने आपल्या मुलीला दिवसातून शंभर वेळा विजेच्या नावाने हाक मारावी, हे मला तेव्हा कल्पनेतही पेलत नव्हते.

गेल्या वर्षी आश्विनात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. पोटात तिचे पाय खाली होते, म्हणून डॉक्टरांनी सिझर केले. माझ्या भावजयीला त्यात विशेष काही वाटले नाही; ती शहरात वाढलेली. पण आईने दवाखान्याच्या जिन्यातच माझा हात घट्ट धरला.

“हे बाहेर बोलायचं नाय. पाय खाली व्हते, हे कुणाला सांगायचं नाय.”

“आई, आता कोण मानतं हे?”

“तू सांग कोण मानतं,” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. उत्तर मला ठाऊक होते. बाळाच्या अंगावर तो एक शब्द चिकटला, की तिच्या पुढच्या सगळ्या पावसाळ्यांना तो पुरणार होता.

आईचा बेत चार दिवसही टिकला नाही. माझी काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, बाळाला पाहायला पिशोरहून शहरात भावाच्या घरी आली ती बारशापर्यंत राहायच्या तयारीने, आणि पाठीत उसण घेऊन. एसटीत बसल्या जागी भरली म्हणाली. चहा पिता पिता तिने विचारले, सिझर कशापायी करावं लागलं, आणि भावजयीने सरळ मनाने सांगून टाकले.

काकूने कप खाली ठेवला. “मंजे पायाळू हाय की पोरगी.”

“पण काकू, पोटातून काढलीय ना,” मी मध्ये पडले. “पायाळू कशी होईल? बाहेर कशी आली त्यावर असतं ते.”

“आली कुठं? आणली. यायला निघाली व्हती ती पायानंच.”

“मग अर्धी पायाळू म्हणा,” मी म्हटले.

“मस्करी नको करू. आत्ता कळतंय. माझी उसण हाय ना सकाळधरनं.” आणि काकू सतरंजीवर पालथी पडली. “आन गं पोरीला. पाय लाव माझ्या कमरंला.”

“मी आहे की घरात. माझा लावते,” मी म्हणाले.

“तुझा पाय आता जुना झाला बाई.”

भावजयीला हसू आवरेना. तिला तो सगळा लाडाचाच प्रकार वाटत होता. तिने झोपेतल्या बाळाला उचलले आणि तिचे पाऊल हलकेच काकूच्या पाठीला टेकवले. चिंचोक्याएवढी टाच, आणि इतकी गुलाबी की उजेड तिच्यातून आरपार जाईल. काकू थोडा वेळ निपचित पडून राहिली, मग हातावर जोर देऊन उठली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली.

“उतरली बाई. साफ उतरली.”

“काकू, तुम्ही मघाशी चहाबरोबर गोळी घेतलीत,” भावजय म्हणाली.

“ती डोक्याची व्हती.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हात पिठाचे, तसेच अधांतरी धरलेले. ती आत वळली.

मी मागोमाग गेले. बाळंतिणीसाठी डिंक तळायचा होता. तुपात पडलेला एकेक खडा आधी गप्प राही, मग फुलून पांढरा होई. आई झाऱ्याने ते हलवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

“तुझं सगळं लहानपण मी कणगीमागं काढलं,” ती म्हणाली. “पुन्हा तेच.”

इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न मी तेव्हा विचारला. “तुला खरंच वाटायचं, माझ्यावर वीज पडेल?”

“वाटायचं मंजे? पडंलच म्हणून बसायची.”

“मग सगळे लांब जायचे तेव्हा तू जवळ का यायचीस? भीती नव्हती वाटत?”

तिने झारा कढईच्या काठावर निथळत धरला. “भ्या वाटायचं की. पण पडली तर तुझ्या एकटीवर नको पडायला.”

मी गॅस बारीक केला. आईला विजेची भीती नाही, म्हणून ती मला कवेत घेते, असेच मी आजवर धरून चालले होते.

नंतरच्या दुपारी लाडू वळण्यात गेल्या. खारीक, खोबरे, डिंक यांच्या उबदार वासात आम्ही तिघी बसत असू, भावजय बाळाला घेऊन पलंगावर. तिथे मी त्यांना थॉरच्या गोष्टी सांगू लागले. तो रात्री आपलेच बोकड शिजवून खातो, हाडे कातडीवर नीट ठेवतो, सकाळी घण फिरवला की बोकड पुन्हा उभे.

“असं जित्राब मिळालं तर जत्रंचा खर्चच वाचंल,” काकू म्हणाली. “पर देव लई खादाड दिसतोय.”

मग त्याचा घण चोरीला गेल्याची गोष्ट. चोर राक्षस म्हणतो, देवांची सर्वांत सुंदर देवी मला बायको म्हणून द्या, तर परत करीन. शेवटी थॉरलाच नवरीचा वेश देतात.

“नेसवला त्याला शालू? दाढीसकट?”

“दाढी पदराआड. आणि लग्नाच्या पंगतीत नवरीने अख्खा बैल संपवला.”

काकू हसता हसता पाठ धरून बसली, तशी भावजय म्हणाली, “काकू, उसण परत आली वाटतं.” काकूने तिच्याकडे डोळे वटारले.

“मग तो घण आणतात,” मी पुढे सांगितले, “आणि नवरीच्या मांडीवर ठेवतात. आशीर्वाद म्हणून. तशी चालच होती त्यांची.”

आईचे हात थांबले. “वीज ओटीत घालत्यात?”

“हो.”

“आन मंग?”

“मग काय, हत्यार हाती आलं. त्याने सगळ्या वऱ्हाडाला झोडपलं.”

काकूचे समाधान झाले. आई मात्र हातातला लाडू उगाच फिरवत राहिली. मग तिने विचारले, “त्याची आई कोण?”

“भूमी. आपली ही जमीनच.”

“लेक एवढा कडाडत येतो, तर तिला भ्या वाटत नसंल?”

मी वाचलेल्या एकाही पानात याचे उत्तर नव्हते, आणि मी तसे सांगितले. तो देव इतकी शतके का टिकला, याची माझ्याजवळ काही उत्तरे होती: तो राजा नव्हता, तो कष्टकऱ्यांचा होता, हास्यास्पद व्हायला तो घाबरला नाही. पण आईने काढलेल्या प्रश्नापुढे ती सगळी मला पुस्तकी वाटली.

त्याच संध्याकाळी मी म्हणाले, बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा; आणि मी तिला विजेचे एक जुने, संस्कृतातले नाव ठेवणार. भावजयीला ते लगेच आवडले. भावाने खांदे उडवले. आई म्हणाली, “आगीला आवतन कशाला धाडायचं?” तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती, म्हणून मी माघार घेतली. राशीवरून आलेल्या अक्षराचे एक शांत, निरुपद्रवी नाव ठरले.

बारशाच्या दुपारी परतीच्या पावसाचे आभाळ शहरालगतच्या सातारा डोंगरावर चढले. फ्लॅटची बैठक बायकांनी भरली होती. अत्तर, झेंडू, शिजलेल्या घुगऱ्यांची वाफ. पाळण्याखालून-वरून बाळाची देवघेव सुरू झाली, “गोविंद घ्या, गोपाळ घ्या,” आणि भावजयीने बाळाला वर उचलले त्याच क्षणी खिडक्या पांढऱ्या झाल्या. कडाडले ते असे, की ताटातल्या वाट्या थरथरल्या.

पाळण्यापलीकडे बाळ घ्यायला पसरलेले काकूचे हात मागे गेले.

“आत न्या गं तिला,” ती म्हणाली. “पायाळू हाय ती. नाव मागनं ठेवता येतं.”

मग मला ते दिसले. नव्या साड्या किंचित सळसळल्या, बायका भिंतींकडे सरकल्या, एकीने आपल्या नातवाला जवळ ओढले. पाळण्याभोवतीची फरशी मोकळी झाली आणि मधोमध हातांत मूल घेतलेली माझी भावजय, अजून अर्धवट हसत, एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती. तिला आत्ता कुठे उमगत होते.

आई स्वयंपाकघरातून आली. गर्दी तिच्यासाठी आपोआप दुभंगली. तिने भावजयीच्या हातून बाळ घेतले, पाळण्यात निजवले आणि पाळण्याला लागूनच खाली मांडी घातली. दोरी हातात घेतली. तिचा चेहरा भीतीने पार उतरला होता, हे मला जवळून दिसत होते.

“ये,” ती मला म्हणाली. “नाव ठेव.”

मी वाकले. पुन्हा चमकले.

“कंचं ठेवतीस?” तिने खालच्या आवाजात विचारले.

“ठरलंय तेच.”

“ते नगं,” आई म्हणाली. “तुझंवालं ठेव. वीज येणारच असंल, तर घरचीच होऊन येऊ दे.”

मी बाळाच्या कानाशी तोंड नेले. दुधाचा, वेखंडाचा, नव्या कापसाचा वास होता तिथे. कुर्र केले आणि ते नाव सांगितले. सरळ होईपर्यंत भावजयीचा पहिला धपाटा माझ्या पाठीत बसला, आत्याच्या वाट्याचा. मग तिच्या बहिणीचा. मग भिंतीशी उभ्या असलेल्यांतल्या दोघी-तिघी पुढे आल्या, कारण आत्याची पाठ फुकट सोडणे कुणाला परवडते? काकू सर्वांत शेवटी आली, आणि तिचा सर्वांत जोरात बसला.

“काय ठेवलं?”

मी सांगितले. काकूने ते मनात घोळवले. “हाक मारायला जड जाईल,” म्हणाली, आणि घुगऱ्या वाटायला निघून गेली.

आभाळ अजून गडगडत होते. आई दोरी ओढत होती, आणि त्या नावातले जोडाक्षर तिच्या जिभेला साधत नव्हते. ती पुटपुटत एकदा म्हणून पाही, थांबे, बाळाकडे बघे, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणे.