भागिरथाची पेटी

भूतबित, अंगात येणं — मी काहीच मानत नाही. धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव सोडले, त्यांच्यासोबत भुतंही सुटली. मी चौथी शिकलेला, मिलमधून रिटायर झालेला माणूस. सजवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

घर नागपूरला, इंदोऱ्यात. बायको भागिरथा वस्तीची सुईण होती. मागच्या वर्षी गेली... तिची लोखंडी पेटी मी कुलूप लावून ठेवली, किल्ली करदोट्याला बांधली. त्यातलं काही पाहवत नाही मला.

यंदा संत्र्याच्या दिवसांत मुलगी शीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. शिकलेली, मास्तरीण. बसल्या बसल्या कादंबरी लिहायचं डोक्यात घेतलं — भोसल्यांच्या काळातली. राणी अडली आहे आणि राजवाड्यात सुईण येते. दुपारी ओट्यावर तिनं मला सुरुवात वाचून दाखवली. सुईण येते, हात जोडते, डोळे मिटते, धूप जाळते...

मी म्हटलं, "तुही सुईण बाळंतपण कराले आली का पूजा कराले वं?"

"मंग आई काय करे, बाबा?"

"मले काय माहीत? आम्ही माणसं बाहेर. खडखडाट तेवढा आयकू ये."

मग आठवलं तसं सांगितलं. बाळंतिणीच्या घरात शिरली की भागिरथा आधी सगळं उघडायला लावे. डबे, पेट्या, पोत्यांची तोंडं, बाईचे केस. बाहेर बकरी बांधलेली असली तर तिचं दावंसुद्धा. दीक्षेनंतरही तिनं हे सोडलं नाही. मी टोकलं तर म्हणे, "यात देव कुठं आहे जी? बाईले दिसलं पाहिजे, सारं मोकळं होऊन राहिलं." आणि एखादं झाकण अडकलं की त्यालाच शिवी — "मुडद्या, निंघतं का नाही!" बाळंतीण कळा विसरून हसे, ते बाहेर आम्हाला ऐकू येई.

शीला तर सरसावूनच बसली. "बाबा, राजवाड्यात किती कुलपं असतीन! माही सुईण राजाले खजिना उघडाले लावते!"

"राजा आयकंन तिचं?"

"आईचं कोण नाही आयकलं?"

दोघंही पोट धरून हसलो. भागिरथा गेल्यापासून पहिल्यांदा. मग ती म्हणाली, "आता आईची पेटी उघडा ना."

"ते होत नाही," मी म्हटलं. विषय संपला.

त्याच आठवड्यात सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यातली नर्सबाई आली, मदतीला शेजारची यशोदा. मिलचा दुपारचा भोंगा झाला तरी सुटका नाही. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली, "काका, रिक्षा आणा. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल." बायको गेली, आता पोरगीही... चौकातून रिक्षा घेऊन धावत आलो, तर आतून बाळाचं रडणं. आणि शीलाचं हसणं!

"नात झाली, भाऊ!" यशोदा म्हणाली. "पण डबे काहून उघडून राहिले होते तुम्ही?"

"मी? मी तर चौकात होतो!"

स्वयंपाकघरात पाहतो तर एकूण एक डबा उघडा. तिखटाच्या डब्याचं झाकण भागिरथा गेल्यापासून मला निघत नव्हतं, मी पुडीतलं तिखट खात होतो — तोही उघडा. संत्र्याच्या पोत्याचं तोंड सुटलेलं, संत्री चुलीपर्यंत घरंगळलेली. अंगणात यशोदाची बकरी मोकळी, आणि ओट्यावर राहिलेली शीलाची ती धूपवाली पानं मजेत चावून राहिली होती. आणि भागिरथाची पेटी... सताड उघडी. कुलूप कोयंड्याला लटकत होतं. किल्ली माझ्या करदोट्याला, घामानं भिजलेली.

नर्सबाईला वाटलं यशोदानं उघडलं, यशोदाला आधी वाटलं मी, मग वाटलं नर्सबाईनं. पण मी गेल्यापासून दोघीही शीलाजवळून हललेल्या नव्हत्या.

शीला म्हणाली, "डब्यांचा खडखडाट आयकू आला, बाबा. मले वाटलं, आता आई शिवी देते... मले हसूच आवरंना. अन् हसता हसता पोरगी बाहेर!"

रिक्षावाला दारात ताटकळत होता. त्याची ओंजळ संत्र्यांनी भरली. मग पेटीजवळ बसलो. वर तिचं धुतलेलं लुगडं होतं. नातीला त्यातच गुंडाळलं.

नर्सबाई म्हणते, कुलूप जुनं, आपोआप निघालं असेल. असेल. तिखटाच्या झाकणाचं विचारलं की बाळाचं वजन घ्यायला लागते. शीलाची सुईण आता राजवाड्यात कुलपं उघडवत फिरते, खजिन्याच्या दारापर्यंत पोचली आहे. भूत मी आजही मानत नाही. दुसरं काही कारण कोणाला सुचलं तर कळवा, मला तर सुचलं नाही. फक्त आता घरात कोणताच डबा मी घट्ट लावत नाही. साखरेला मुंग्या लागतात.

लागू द्या.