तिसऱ्या वर्गाचा टांगा

बाळांनो,

धाकट्याने परवा फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या कॉलेजात असं काही होतं का?" त्याला तिकडे परदेशात कॉलेजातल्या मुलांच्या एका मंडळात जायचं आहे. तुम्ही त्याला फ्रॅटर्निटी म्हणता. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं आणि पुढे जन्मभर एकमेकांना भाऊ म्हणायचं, एवढं मला त्यातून समजलं. शाळेतले मार्क कमी आहेत, म्हणून ते घेतील की नाही याची त्याला धास्ती आहे. मी "होईल रे सगळं नीट" म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी मला बोलायचा कंटाळा येतो. नंतर वाटलं, त्या वयात मला कुणी असं उत्तर दिलं असतं तर राग आला असता. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर, डोळे जरा ताजे असताना, लिहायला बसले आहे. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे, त्यानंतर किती दिवस लिहायचं नाही ते डॉक्टर नीट सांगत नाहीत. वाचताना कुठे अडलं तर आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती.

तर, मला मॅट्रिकला तिसरा वर्ग मिळाला. कारणं सांगत बसत नाही. इंग्रजीत चांगले मार्क होते, गणितात मी कशीबशी काठावर होते, आणि शेवटी बेरीज सगळ्यांची होते.

आपल्या बुऱ्हाणपुरात तेव्हा कॉलेज नवंच निघालं होतं, वेशीच्या बाहेर, उघड्या माळावर. मुली अगदी थोड्या. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कचेरीत कारकून होते. त्यांनी मला कॉलेजात घातलं तेव्हा माझे काका कितीतरी दिवस त्यांच्याशी जेवताना बोलले नाहीत. अण्णांची एकच अट होती. एकटीने जायचं नाही आणि एकटीने यायचं नाही.

सुरुवातीला तेच मला पोचवत. मी पायी चालायची आणि ते सायकल हातात धरून माझ्या बाजूने चालायचे, कारण मुलीला सायकलवर मागे बसवून नेणं त्यांना बरं दिसत नव्हतं. रस्त्यात केळीच्या गाड्या स्टेशनकडे निघालेल्या असत, त्या अडल्या की आम्हीही अडायचो. मला सोडून ते कचेरीत पोचेपर्यंत उशीर होई. एका संध्याकाळी ते ओट्यावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"बेटा, हे आता मला जमत नाही," ते म्हणाले. "आज साहेब सगळ्यांसमोर बोलले. त्या मुलींचं मंडळ आहे ना कॉलेजात? टांगा आहे त्यांचा. त्यांच्यात जा. दसऱ्यापर्यंत बघ."

"आणि त्यांनी नाही घेतलं तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ज्या मुली घरी बसल्या, त्यांच्या पत्रिका महिन्याभरात बाहेर पडल्या होत्या.

ते विद्यार्थिनी मंडळ म्हणजे वाचनालयामागची एक खोली. दाराला पडदा, आत सतरंजी आणि पाण्याचा माठ. दोन तासांच्या मधे मंडळाच्या मुली आत जाऊन बसत. बाकीच्यांनी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. घरी पहाटे उठून पाणी भरून, पोळ्या करून मी कॉलेजात यायची. त्या व्हरांड्यात उभं राहून माझे पाय इतके भरून यायचे, की पडद्याआडच्या त्या सतरंजीचाच मला हेवा वाटे.

मंडळाची अध्यक्ष एका वकिलांची मुलगी होती. चष्मा, दोन घट्ट वेण्या, बोलणं हळू आणि स्पष्ट. ती वाईट नव्हती हे मी आधीच सांगून ठेवते.

"मॅट्रिकला काय मिळालं?" तिने विचारलं.

"थर्ड क्लास. पण इंग्रजीत..."

"इंग्रजी वेगळी नाही ग धरता येत. आमचा नियम सेकंड क्लासचा आहे."

"नियम कशासाठी?"

तिने आत बसलेल्या मुलींकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "एक मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आपल्यातली एक झाली, की गाव म्हणतं, बघा, मुली नापास झाल्या. मग आम्हा सगळ्यांचे वडील विचारात पडतात. तू रागावू नकोस."

मी रागावले नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं, त्यामुळे रागावायचीही सोय उरली नाही. शिवाय त्यांच्या टांग्यात जागा नव्हती. जागा असती तर तो नियम थोडा वाकला असता, असं मला पुढे वाटत राहिलं.

त्या दुपारी व्हरांड्यात माझ्या शेजारी निंबोला या जवळच्या खेड्यातली मुलगी उभी होती. शेतकऱ्याची लेक, गावात मामाकडे राहून शिकत होती. तिच्या सोबतीला तिची आजी रोज कॉलेजात यायची आणि दिवसभर पायरीवर बसून वाती वळायची. प्रोफेसर येता-जाता त्या आजीला नमस्कार करत.

"नाही घेतलं ना?" ती म्हणाली. "मले तर त्याईनं दारातच विचारलं. म्यां सांगितलं थर्ड, त्याईनं पडदा सोडला."

"मग तू काय करणार?"

"कायचं काय? आजी हाय तोवर येईन. कापूस वेचायला लागला की ती घरी जाईन, मंग मीबी जाईन."

तिसरी एक सुताच्या व्यापाऱ्याची मुलगी होती, गुजराती. ती मॅट्रिकला एकदा बसली आणि राहिली, दुसऱ्यांदा तिसऱ्या वर्गात पास झाली. तिच्याबरोबर दुकानाचे मुनीम यायचे. ते वर्गाबाहेर उभे राहून खोकायचे आणि तास लांबला की जास्त जोरात खोकायचे. त्यांनाही दुकान सोडून यायचा वीट आला होता.

मला काही फार मोठं सुचलं असं समजू नका. अण्णांची अट एकटीने न जाण्याची होती. मंडळाच्या मुली नाहीत, तर या मुली. आमच्या गल्लीत एक म्हातारे टांगेवाले राहत, त्यांना सगळे चाचा म्हणत. मी अण्णांना घेऊन त्यांच्याकडे गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि घोडीकडे बोट दाखवलं.

"बेटी, ये भी थर्ड क्लास है. चलेगी?"

"चालेल," अण्णा म्हणाले. त्या दिवसांत प्रथमच मी त्यांना हसताना पाहिलं.

मग एकेका घरी जाणं आलं. व्यापाऱ्याच्या घरी मुनीमजीच आमच्या बाजूने बोलले. इतवारा पेठेत निंबोल्याच्या मुलीच्या मामांकडे मात्र कितीतरी वेळ बसावं लागलं. मामा विचारत होते, टांगेवाला कोण, रस्ता कोणता, आधी कोण बसणार, शेवटी कोण उतरणार. मी सगळं क्रमाने सांगितलं. माझं घर सगळ्यांत लांब. मी आधी बसणार आणि शेवटी उतरणार, चाचा आमच्याच गल्लीतले, तेव्हा तुमची भाची टांग्यात एकटी कधीच नसेल. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती.

"तुले किती मार्क पडले व माय?"

"तिसरा वर्ग, आजी."

"मंग तू आमचीच," आजी म्हणाली, आणि मामांकडे वळली. "जाऊ दे रे तिले. माह्या कंबरेचा पार भुगा झाला त्या पायरीवर."

दसऱ्याआधी आमचा टांगा सुरू झाला. कॉलेजातली मुलं स्टेशनवर ओरडतात तशी ओरडत, "थर्ड क्लास आया, थर्ड क्लास!" पुढे मंडळाचा टांगा फर्स्ट क्लास आणि मागे आमचा. गुजरातीण पदरात तोंड लपवून हसायची. निंबोल्याची मात्र एकदा मागे वळून म्हणाली, "तिकीट हाय का रे तुह्याजवळ?" तेव्हापासून ओरडणं जरा कमी झालं.

पण या टांग्याचं सगळं माझ्या अंगावर पडलं. गुजरातीण कधी वेळेवर तयार नसे, मी खाली उभी राहून हाका मारायची आणि वरून आवाज यायचा, "आ रही हूँ, बस, चोटी रह गई." निंबोल्याच्या मुलीच्या मामी दारात येऊन विचारायच्या, काल उशीर का झाला. घोडीचा पाय दुखला की चाचा मलाच सांगायचे. शनिवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी पुस्तक उघडायची आणि त्यावरच डोकं ठेवून झोपायची. आई पुस्तक काढून घ्यायची.

तरी सहामाहीत मला बरे मार्क पडले. कॉलेजात गणित हा विषयच सुटला होता, हे त्याचं कारण. आजी तोवर कापसासाठी निंबोल्याला परत गेली होती. आणि मंडळातल्या एका मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली. वकिलांची मुलगी स्वतः व्हरांड्यात आली.

"आता तुला घेता येईल. सेकंड क्लासचे मार्क आहेत तुझे. टांग्यातही जागा झाली आहे. सोमवारपासून ये."

घरी सांगितलं तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. संस्थानं विलीन झाली त्याला फार दिवस झाले नव्हते आणि त्यांच्या डोक्यात तेच असायचं.

"म्हणजे विलीनीकरणाचा प्रस्ताव आला म्हण की! तनखा नीट मागून घे हो."

"आणि बाकीच्या दोन संस्थानांचं काय?"

"त्यांचे राजे बघतील." मग पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "जा बेटा. चांगल्या घरच्या मुली आहेत. तुझीही दगदग वाचेल."

दगदग वाचेल, हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. कुणीतरी आपल्याला हाक मारून टांग्यात बसवावं आणि आपण फक्त बसावं, एवढंच मला हवं होतं. पण मी गेले, तर आमच्या टांग्यात दोघीच उरत होत्या. परतताना गुजरातीणीचं घर आधी. पुढे निंबोल्याची चाचांबरोबर एकटी. मामा ते एक दिवससुद्धा चालू देणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टांग्यात मी तिला सांगितलं. ती बाहेर बघत होती.

"जाय ना मंग. मले कायले विचारू राहिली?"

"तुझं काय होईल?"

"माहं व्हायचं ते व्हईन. निंबोल्याले घर हाय माहं, काही उघड्यावर नाही पडत मी." थोड्या वेळाने तिने माझ्या हातातली वह्यांची चळत काढून स्वतःच्या मांडीवर घेतली, कारण मला पेंग येत होती. "झोप तू. कॉलेज आलं की उठवते."

सोमवारी मी पडद्यापाशी गेले.

"मी नाही येत," मी म्हटलं.

"का ग?"

"दमले आहे."

"दमलीस म्हणून तर बोलावते आहे." तिला खरंच समजत नव्हतं.

"त्या दोघींनाही घेणार का?"

"त्यांचे मार्क?"

"आहेत तेच."

तिने चष्मा काढून पुसला. "मग नियम ठेवायचा तरी कशाला, सांग."

मी व्हरांड्यात माझ्या जागी जाऊन उभी राहिले. मी फार मोठं मन दाखवलं असं मनात आणू नका. 'नाही' म्हणायला मला एक शब्द पुरत होता. 'हो' म्हटलं असतं तर मामांच्या ओट्यावर, मुनीमजींपुढे, चाचांपुढे जाऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तेवढी ताकद माझ्यात नव्हती. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वकिलांच्या मुलीला नाही म्हणालीस?" आणि मग, "बरं."

पुढचं थोडक्यात सांगते. गुजरातीण परीक्षेआधीच लग्न होऊन सुरतेला गेली. तिच्या जागी दुसरी आली, तिचेही मार्क कमीच. निंबोल्याची एक वर्ष नापास झाली. वकिलांची मुलगी म्हणाली होती तसं गाव बोललं, आणि मामांनी तिला घरी बसवायचं काढलं. अण्णा आणि मी पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसलो. ती परत आली. मी बी.ए. झाले, सेकंड क्लास. तीही झाली, माझ्यापेक्षा उशिरा, थर्ड क्लास, आणि निंबोल्याच्या शाळेत मास्तरीण झाली. राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा आपलं गाव मध्य प्रदेशात राहिलं. मंडळातल्या बहुतेक मुली लग्न होऊन नागपूर-पुण्याकडे गेल्या. मी त्या मंडळाची सभासद कधीच झाले नाही.

धाकट्या, तुला ते घेतील की नाही मला माहीत नाही. यातून तू काय घ्यावंस तेही मला सांगता येत नाही. तू विचारलंस, म्हणून झालं ते लिहिलं.

चाचा गेले, अण्णा गेले, वकिलांची मुलगीही गेली म्हणून कळलं. ते मंडळ कधी बंद पडलं ते मला आठवत नाही. निंबोल्याची मात्र अजून आहे. तिला ऐकू कमी येतं, मला दिसतं कमी. ती अजून रिक्षाने माझ्याकडे येते, आणि आम्ही दोघी ओट्यावर बसतो.