टापांखालची बाई

शेंदराच्या तेलकट वासानं मला आजही नव्वदच्या दशकातला पळसदेवचा एक उन्हाळा आठवतो. उजनी धरणाचं पाणी ओसरून आमच्या पूर्वजांचा कोरीव दगड उघडा पडला होता. लुटारूंनी गाव लुटताना कापून काढलेल्या आमच्या माणसांची ती आठवण. आम्ही त्यावरच्या घोडेस्वाराला पुजत आलो होतो. पाण्यानं जुना शेंदूर धुऊन नेला होता, आणि टापांखाली तान्ह्याला कवटाळलेली बाई पहिल्यांदाच दिसली.

"दादा, आपली ही खालची हाय," चुलते म्हणाले. "वरचा मारणारा."

"तुझं पोरगं ह्याच्याच नवसाचं हाय, नामा," वडील म्हणाले. "बघ बाबा."

चुलत्यांनी तेलाची वाटी पुढं केली. मला पदवीपर्यंत पोचवणाऱ्या हातांनी वडिलांनी शेंदूर थापला, बाई आणि तिचं पोर दिसेनासं होईपर्यंत.