वळशाचा रस्ता

रिक्षावाल्या कोंडीबाला वाटलं, गोदावरीबाईंनी आपल्याला मृत्युपत्रावर साक्षीदाराच्या सहीसाठीच घरी बोलावलंय. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या न बोलणाऱ्या लेकीला, उर्वीला, तो अठरा वर्षं जुळे सोलापूर भागातून विशेष शाळेत आणि पुढं तिथल्याच कार्यशाळेत नेत-आणत होता.

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार नव्हे, तुम्ही ट्रस्टी. बाईंच्या माघारी घर ट्रस्टचं, आणि ते फक्त उर्वीसाठी. बाईंच्या भाच्यांनाच काय, तुम्हालाही त्यावर हक्क सांगता येणार नाही."

"मला काय कळतंय त्यातलं? मी रिक्षा चालवणारा माणूस हाय की!"

मग वकीलबाईंनी सोबतचं पत्र वाचलं. उर्वीला कसं सांभाळायचं, ते बाईंनी त्यात लिहिलं होतं. 'पिठाच्या गिरणीच्या आवाजाला ती घाबरते. तिला शाळेमागच्या लांबच्या रस्त्यानंच न्यावं.'

तो वळसा कोंडीबा पहिल्या आठवड्यापासून घेत होता, पण कुणापाशी अवाक्षर बोलला नव्हता.

"बाई, हे तुमाला कुणी सांगितलं वो?"

बाईंनी उर्वीची पाटी पुढं केली. घरी आली की ती रोज त्यावर रस्ता काढायची. आजचाही होता, वळशासकट. वळणावर रिक्षा, रिक्षात दोन माणसं.

"ट्रस्टी मी कुठं निवडलाय, कोंडीबा?" बाई म्हणाल्या.